आपत्तीपूर्वीची औषधखरेदी

चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास सांगतात की, जनपदोद्ध्वंस होण्यापूर्वी, भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करा. हा उपदेश आपण परीक्षेपुरता पाठ करतो. पावसाळ्यापूर्वीच्या खरेदीच्या यादीत मात्र त्याचा मागमूस नसतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीस महापुराने वेढले. त्या वेळी आम्ही पाठविलेल्या मदतपेट्यांत च्यवनप्राश आणि चूर्णे विपुल होती. जलसंजीवनीची पाकिटे व क्लोरीनच्या गोळ्या मात्र दुसऱ्याच दिवशी संपल्या. दमट हवेने चूर्णांचे गोळे झाले. निधी अपुरा नव्हता, क्रम चुकला होता. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हाही आपली धावपळ पाणी चढल्यावरच सुरू झाली.

मर्यादित निधीचा क्रम लावताना आमच्या मते एकच कसोटी असावी : कोणत्या वस्तूच्या अभावी रुग्णाचे प्राण सर्वांत आधी धोक्यात येतील? या कसोटीवर शंभरातील पन्नास रुपये पाण्याचे शुद्धीकरण व जलसंजीवनी यांवर खर्चावेत. पाकिटे संपल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले असावे. तीस रुपये व्रणोपचाराच्या साहित्यावर, म्हणजे गॉज, पट्ट्या, हातमोजे, जंतुनाशक यांवर खर्चावेत. उरलेल्या वीस रुपयांत आपली औषधे घ्यावीत.

त्यांतही विवेक हवा. शार्ङ्गधराच्या मते चूर्ण दोन महिन्यांत, गुटी व अवलेह वर्षानंतर हीनवीर्य होतात. आसवारिष्टे जुनी झाली की अधिक गुणवान ठरतात. म्हणून साठा गुटी व अरिष्टांचा करावा, चूर्णे बेताचीच घ्यावीत आणि वेष्टनावरील मुदत तपासावी.

दोन गोष्टींना तर पैसाही लागत नाही. मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची, त्यांच्या नित्य औषधांसह, यादी करून ठेवावी आणि पंधरा दिवसांची औषधे घरी ठेवण्यास त्यांना सांगावे. तसेच पुराच्या पाण्यातून चाललेल्या रुग्णास ज्वर आल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे स्वतःच्या चिकित्सेचा आग्रह धरणे हा शास्त्राभिमान नव्हे.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने आपत्तिनिधी मे महिन्यातच खर्ची घालावा, असे आमचे आग्रहाचे प्रतिपादन आहे. पूर ओसरल्यावर वाटलेल्या औषधांची छायाचित्रे छापून येतात. पूर येण्यापूर्वी भरलेल्या कपाटाचे छायाचित्र कोणी काढीत नाही. परंतु आत्रेयांचा उपदेश त्या कपाटाविषयीच आहे.