मठाचे दार

आषाढी एकादशीस पंढरीपासून शेकडो मैल दूर असलेल्या आमच्या केशोरीतही टाळ वाजतात, चोखोबांच्या नावाने डोळे ओलावतात. त्यांची समाधी नामदेव पायरीपाशी, महाद्वाराबाहेर! अस्पृश्य ठरविलेल्यांस त्या द्वारातून आत जाता यावे म्हणून १ मे १९४७ रोजी उपोषणास बसले ते कोणी पीठाधीश नव्हते. ते होते साने गुरुजी, एकेकाळचे अमळनेरचे शिक्षक. मात्र त्यांस पंढरपुरात आसरा दिला तो तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. दहा दिवसांनी मंदिर सर्वांस खुले करण्याचे ठरले.

धर्माचार्यांकडून आम्हांस अपेक्षा आहे ती एवढीच. अन्यायाविरुद्ध उठणाऱ्यास त्यांनी आपले दार उघडावे आणि होईल तो लोकापवाद सोसावा. नाशिकला काळारामापुढे १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालला, दार उघडले नाही. पुढे १९५६ साली नागपुरास लक्षावधी बांधव बौद्ध झाले. त्यांच्यावर रुसण्याचा अधिकार आम्हांस कोठला?

यंदा कीर्तनात बुवांनी चोखोबांचे चरित्र अवश्य सांगावे. परंतु तत्पूर्वी महाप्रसादाच्या पंगतीत कोण कोठे बसले आहे, हे स्वतः उठून पाहावे. आणि भेद दिसल्यास त्या पंगतीस बसू नये.