न जाणारा चट्टा

आपल्या दमट किनाऱ्यावर मांडीत किंवा कमरेवर चट्टा उठला की निदान घरातच होते, ‘गजकर्ण आहे!’ लगेच दुकानातून ट्यूब येते. बहुतेक वेळा निदान बरोबरही निघते, आणि घोटाळा तिथेच होतो.

क्वचित तो चट्टा त्वचेच्या लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाचा असतो. त्यातला नेहमी आढळणारा प्रकार ‘मायकोसिस फंगॉइडिस’. पॅरिसच्या आलिबेर यांनी 1806 साली त्याचे वर्णन केले. गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या म्हणून पुढे हे नाव पडले. बुरशीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो संसर्गजन्यही नाही, तेव्हा कुणाचे ताट वेगळे करू नये.

हे चट्टे बहुधा कपड्याखालच्या भागावर येतात आणि वर्षानुवर्षे रेंगाळतात. आपल्या सावळ्या कातडीवर ते पुष्कळदा फिकट दिसतात, मग कुष्ठरोगाची शंका येते. कुष्ठरोगाच्या चट्ट्याची संवेदना सहसा कमी होते, इथे ती शाबूत असते. पण हा निवाडा घरी करू नये.

स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने चट्टा दबतो, पुन्हा उठतो आणि तपासणीही फसू शकते. म्हणून तुकडा काढण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम काही आठवडे बंद ठेवतात. 2018 मध्ये अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. तरी ट्यूबचे नाव तोंडी सांगून मोकळे होणारे आमच्या व्यवसायातही आहेत, हे मला मुळीच पटत नाही.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती निराधार आहे. जागा बधिर करून काही मिलिमीटर कातडी घेतात. सुरुवातीला दुर्बिणीखाली हा आजार इसबासारखा दिसतो. म्हणून पहिला अहवाल संदिग्ध आला आणि चट्टे टिकले, तर पुन्हा तुकडा द्यावा लागतो. त्यावरून डॉक्टर बदलू नये.

थोड्या जागेवरचा आजार असेल तर बहुतेकांचे आयुष्य त्यामुळे घटत नाही. तेव्हा तीव्र स्टिरॉइड मलम (तेच, पण निदानानंतर आणि देखरेखीखाली!) किंवा अतिनील प्रकाशाचे उपचार पुरतात. गाठी झाल्या, रक्तात किंवा लसिकाग्रंथीत आजार गेला, की किरणोपचार आणि औषधे लागतात. त्यासाठी परळचे टाटा रुग्णालय आहेच. मात्र प्रकाशोपचार आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने घ्यावे लागतात. रोजंदारी बुडवून त्यासाठी मुंबईला कोण जाणार? ही सोय प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित चालली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर त्वचारोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारा: हा उपचार सर्वांत जवळ कुठे मिळेल?