बेलवरचे नाव

जर्मनीत बहुतेक इमारतींच्या दाराशी बेलची एक पाटी असते. तिच्यावर फ्लॅटचे नंबर नसतात, आडनावे असतात. म्युलर, श्मिट, यिल्माझ, वेबर. खालच्या टपालपेट्यांवरही तीच आडनावे. पोस्टमन नाव पाहून पत्र टाकतो. नाव दिसले नाही तर पत्र परत जाते. त्यामुळे तिथे नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले काम म्हणजे कागदाच्या पट्टीवर आपले आडनाव लिहून ते बेलशेजारी चिकटवणे. बँकेचे कार्ड, आरोग्य विम्याचे पत्र, व्हिसा कचेरीचे बोलावणे, सारे काही टपालाने येते. ज्याचे नाव दारावर नाही, तो त्या शहरात पोहोचलेलाच नाही, असा हिशेब.

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीयच सर्वांत जास्त आहेत. चिनी विद्यार्थ्यांना त्यांनी केव्हाच मागे टाकले. पूर्वी ही बातमी पुण्या-मुंबईपुरती होती. आता कोकणातल्या कॉलेजांतली मुलेही एखाद्या सत्रासाठी, एखाद्या वर्षासाठी विद्यार्थी-देवाणघेवाणीचे अर्ज भरतात. उन्हाळी सत्राची लेक्चर्स एप्रिलमध्ये सुरू होतात, पण भाषेचा वर्ग आणि खोलीची शोधाशोध यांसाठी मुले फेब्रुवारी-मार्चमध्येच जाऊन थडकतात. यंदा नेमके तेच रमजानचे दिवस आहेत.

मुलगा शनिवारी रात्री पोहोचला तर पहिला धडा रविवारीच मिळतो, कारण रविवारी दुकाने बंद असतात. रेल्वे स्टेशनातली दुकाने तेवढी उघडी. सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, काय खायचे हा प्रश्न बॅगेतल्या खजुरावर आणि घरून आणलेल्या चिवड्यावर सुटतो. अजान कानावर पडत नाही. वेळ मोबाइलवर बघायची. महिन्याच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. तेव्हा दापोलीत रात्रीचे दहा वाजलेले असतात, तरावीहची नमाज आटोपून घरचे लोक झोपायच्या तयारीत. फोन करावा तर आवाज जड होतो, न करावा तर रोजा सुटल्यासारखा वाटत नाही. निदान या वर्षी दिवसाची लांबी जाचत नाही. २०१५-१६ मध्ये रमजान जूनमध्ये आला होता, तेव्हा तिथे गेलेल्यांनी अठरा-अठरा तासांचे रोजे धरले होते.

मग कागद सुरू होतात. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेले पत्र लागते. पत्ता नोंदवल्याशिवाय पुढची बरीच कामे अडतात. विद्यार्थ्याने महिन्याला ९९२ युरो पुरतील एवढी रक्कम आधीच एका खास खात्यात अडकवून ठेवलेली असते, म्हणजे पैसा आहे. पण खोली नाही तर सही नाही, सही नाही तर नोंद नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर भाग्य. नाही मिळाली तर चौघा-पाचजणांच्या सामायिक घरात एक खोली शोधायची. तिथे आधीपासून राहणारी मुले मुलाखत घेतात: स्वयंपाक करतोस का, रात्री दहानंतर आवाज करतोस का, भांडी कधी घासतोस.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. इस्लामी फिकहमध्येही प्रवासी कधीपर्यंत प्रवासी राहतो, याचा हिशेब आहे. हनफी मतानुसार एखाद्या गावी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा केला, की माणूस मुसाफिर राहत नाही, तिथला रहिवासी होतो. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्याकडे हीच मुदत येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची. म्हणजे जर्मन नगर कचेरी हनफींच्या जवळपास आली, आणि दापोलीच्या मुलाला शरीयतने त्याआधीच तिथला करून टाकले. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआनात स्पष्ट आहे. विमानातल्या दिवशी ती घेता येते. राहायचे म्हणून गेलेल्याला मात्र ती फार दिवस पुरत नाही.

पहिला आठवडा ज्यांनी काढला आहे त्यांना विचारले, तर बहुतेकांच्या बोलण्यात एक दरवाजा येतो. कुणाला मशिदीत इफ्तारच्या रांगेत बसवून घेतलेले असते. तुर्की चाचा भाषा कळत नसताना ताटात सूप ओततात आणि आणखी घे म्हणून खूण करतात. कुणाला सामायिक घरातल्या जर्मन मुलीने स्वतःहून कचेरीत नेलेले असते. फ्रांकफुर्ट शहराने २०२४ मध्ये आपल्या एका गजबजलेल्या रस्त्यावर रमजानच्या शुभेच्छांची रोषणाई केली. जर्मनीतले असे करणारे ते पहिले शहर. तिथल्या मशिदीही १९९७ पासून दरवर्षी ३ ऑक्टोबरला, देशाच्या एकीकरणाच्या राष्ट्रीय दिवशी, सर्वांसाठी खुल्या असतात.

पण तेवढेच सांगून थांबणे खोटेपणाचे होईल. २०१७ मध्ये बव्हेरियाच्या सार्वजनिक रेडिओने आणि ‘श्पीगल’ साप्ताहिकाने मिळून घरभाड्याच्या जाहिरातींना सुमारे वीस हजार अर्ज पाठवले. मजकूर तोच, शिक्षण तेच, नोकरी तीच. फक्त नावे वेगळी. हाना आणि इस्माईल. अरबी किंवा तुर्की नावाच्या अर्जदाराला जिथे डावलले गेले तिथे जर्मन नावाच्या अर्जदाराला बोलावणे गेले, असे साधारण चारातल्या एका वेळी घडले. ज्या देशात २००६ पासून भेदभावाविरुद्ध कायदा आहे, त्या देशातली ही गोष्ट.

इथले वाचक यावर चटकन मान हलवतील. गोऱ्यांचा दुजाभाव म्हटले की सगळ्यांनाच बोलता येते. पण अमरावतीच्या मातीतले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात असाच शोध घेतला होता, आणि त्यांचा लेख २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पगार सारखा, शिक्षण सारखे. सवर्ण नावाला नकार मिळालाच नाही म्हणावे इतका थोडा, दलित नावाला मिळाला, आणि सर्वांत जास्त मिळाला मुस्लिम नावाला. हानाचे नाव बदलले, इस्माईलचे बदलायचीही गरज पडली नाही.

दिल्ली लांब आहे, म्हणून दापोलीकडे यावे. हे गाव परक्या मुलांवर वाढलेले आहे. १९७२ मध्ये इथे कोकण कृषी विद्यापीठ आले. तेव्हापासून विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथली मुले एसटीने ट्रंकेसह वर येतात. काजू-आंब्याच्या बागा, मिनी महाबळेश्वर वगैरे सगळे ती सुटीत घरी जाऊन सांगतात. पहिल्या दिवशी त्यांना दिसतो तो पाऊस आणि शोधायची असते ती खोली. आणि खोली दाखवण्याआधी विचारले जाते, आडनाव काय? त्यानंतर येते ती दुसरी सबब, ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही’. हर्णै बंदरावरून सुरमई आणून खाणाऱ्या घरातूनही ही सबब येते, तेव्हा मात्र हसावे की रडावे कळत नाही. मुलाला अर्थ कळतो. तो दुसरीकडे जातो, आणि शेवटी मोहल्ल्यात खोली घेतो, जिथे त्याला नमाजाला जवळ पडते खरे, पण वर्गातली मुले अभ्यासाला येत नाहीत.

आणि मोहल्ल्यानेही आरशात बघावे. बीडहून किंवा यवतमाळहून आलेल्या किती हिंदू मुलांना मोहल्ल्यातल्या रिकाम्या खोल्या दिल्या गेल्या? घरातले पुरुष आखातात, वरचा मजला बंद, कुलपाला गंज. पण ‘बाहेरचा मुलगा नको, घरात बायकामुले आहेत’. ज्या घरातला बाप कुवेतला एका खोलीत आठ जणांबरोबर राहून पैसे पाठवतो, ज्याचा आजा मुंबईत गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत सतरंजीवर झोपून गोदीत कामाला गेला, त्या घराला परक्या गावातला पहिला आठवडा काय असतो हे शिकवायला नको. कोकणातला मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारावर आपले नाव लिहीत आला आहे.

जर्मनी दापोलीला इतकी परकीही नाही. मुरुडच्या कर्व्यांची सून इरावती १९२८ मध्ये संशोधनासाठी बर्लिनला गेली, तेव्हा तिचे वय बावीस-तेवीस. ज्या सासऱ्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले, त्या महर्षी कर्व्यांचाच तिच्या जाण्याला विरोध होता. नवरा दिनकर मात्र पाठीशी उभा राहिला. डालेम भागातल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत तिचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी राजवटीच्या वंशविज्ञानाचा आधार ठरलेले. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक गोऱ्यांमध्ये वेगळा असतो आणि त्यावरून त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दिसते, असे त्यांचे गृहीत होते. इरावतीने १४९ कवट्या मोजल्या आणि तसे काही आढळत नाही, असे लिहून दिले. ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून, त्याच्यासमोर हे लिहायचे. पदवी मिळाली, पण श्रेणी अगदी खालची. ज्या महर्षींनी विरोध केला तेही स्वतः लहानपणी मुरुडहून घाट ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले होते, आणि ‘सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून दारातूनच परत पाठवले गेले होते. चेहरा बघून दार बंद करणे हा प्रकार या मातीला चांगला ओळखीचा आहे.

त्याच दशकात बर्लिनमध्ये आणखी एक भारतीय विद्यार्थी होता, झाकिर हुसेन. १९२२ ते १९२६ अशी वर्षे त्यांनी तिथे अर्थशास्त्रात पीएच.डी. करण्यात घालवली. १९२५ मध्ये बर्लिनच्या काविआनी छापखान्यात त्यांनी गालिबच्या दीवानाची खिशात मावणारी आवृत्ती छापून घेतली, आणि तिचे खिळे जुळवायलाही ते स्वतः बसले. परक्या शहरात आपली भाषा छापलेली बघण्याची ही भूक ज्याने अनुभवली आहे त्यालाच कळेल. तिथे त्यांना गेर्डा फिलिप्सबोर्न नावाची ज्यू तरुणी भेटली. जर्मनीत हिटलर सत्तेवर येण्याच्या सुमारास ती दिल्लीला जामिया मिलियाच्या शाळेत येऊन पोहोचली. तिला इथली भाषा येत नव्हती, हवा सोसत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन म्हणून तिला काही काळ स्थानबद्धही केले. जामियाची मुले मात्र तिला आपाजान म्हणत, म्हणजे थोरली बहीण. १९४३ मध्ये ती वारली आणि जामियाच्याच कब्रस्तानात तिला दफन केले. झाकिर हुसेन १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले.

रमजानमध्ये जकात काढली जाते. ती कुणाला द्यायची याची आठ नावे कुरआनात आहेत: गरीब, निराधार, कर्जात बुडालेला... आणि यादीतले शेवटचे नाव ‘इब्नुस्सबील’. शब्दशः अर्थ वाटेचा मुलगा. घरी श्रीमंत असला तरी वाटेत अडकलेला, खर्चायला हाताशी काही नसलेला. बहुतेक घरांत जकातीचा हिशेब करताना या आठव्या नावाकडे कुणी वळत नाही. वाटते, आता कोण उंटावरून प्रवास करतो. वसतिगृहाच्या यादीत नाव न लागलेला, हातात डिपॉझिटचे पैसे असूनही तीन दारांवरून परत आलेला मुलगा याच शब्दात बसतो की नाही, हे मौलवींना विचारायला हरकत नाही. पैशाची जकात त्याला लागू होवो न होवो, रिकामी खोली देण्याला कुणाच्या फतव्याची गरज नाही.

आणि हे फक्त मुसलमानांनी करायचे काम नाही. कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळी फीच्या पावतीबरोबर खोल्यांची यादी द्यावी. ज्या घरमालकाला आडनाव, धर्म, जात विचारून निवडायचे आहे त्याचे नाव त्या यादीत नको, एवढा एक नियम ठेवला तरी पुरे. भाड्याच्या खोल्यांवर जगणारी अनेक घरे या गावात आहेत, ती हिशेब पटकन समजतील. जर्मनीत घरमालक निदान लेखी पत्र देतो. इथे तोंडी चालते, त्यामुळे नकारही तोंडीच येतो आणि कुठे नोंदला जात नाही.

जून-जुलैत नवे प्रवेश सुरू होतील. पाऊस लागलेला असेल. एसटी स्टँडवर ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन एखादा मुलगा चहाच्या टपरीवाल्याला विचारेल, इथे जवळपास खोली मिळेल का. टपरीवाला त्याला आधी चहा देईल, हे नक्की. त्यानंतर तो कुणाच्या घराचा पत्ता सांगतो ते बघायचे.