फौजीची अपंगत्व पेन्शन आणि फारकतीचा कागद : वाट्याला पोटगी येते, पेन्शन नाही

जळकोट : नवरा-बायकोचे पटेनासे झाले की जळकोट, नळदुर्ग, अणदूर भागात आधी पाहुण्यांची बैठक बसते, मग बाँडवर सोडचिठ्ठी लिहिली जाते. कोर्टाची पायरी सगळ्यात शेवटी. शेतकऱ्याच्या घरात हे प्रकरण दागिने, भांडीकुंडी आणि लेकरांचा ताबा इथवर येऊन थांबते. फौजीच्या घरात मात्र पेन्शनचा विषय निघतो. त्यातही जवान जखमी होऊन किंवा आजारामुळे बाहेर पडलेला असेल, तर त्या पेन्शनमध्ये त्याच्या निकामी पायाचे, मणक्याचे, गेलेल्या डोळ्याचे पैसे असतात. ते कुणाचे, यावर दोन्हीकडचे पाहुणे छातीठोकपणे बोलतात. नवऱ्याकडचे म्हणतात, पेन्शनला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही. बायकोकडचे म्हणतात, अर्धी पेन्शन जन्मभर आमचीच. दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे, आणि त्या अर्धवट माहितीवरच तडजोडीचा आकडा ठरतो.

आधी पेन्शन काय असते ते बघू. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवेचा, दुसरा अपंगत्वाचा. समजा शेवटचा पगार ४० हजार रुपये होता. सेवेचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे २० हजार. अपंगत्वाचा भाग शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२ हजार. अपंगत्व ५० टक्के धरले असेल तर ६ हजार. युद्धात जखमी होऊन बाहेर पडलेल्याचा दर याहून जास्त. वर महागाई सवलत वेगळी. घटस्फोट झाला म्हणून यातला एक रुपयाही सरकार कमी करत नाही. पेन्शन जवानाच्या नावावर असते आणि तो असेपर्यंत त्याच्याच नावावर राहते.

पण बँकेत हे दोन्ही भाग एकत्र जमा होतात. पासबुकात एकच रक्कम दिसते आणि कोर्टापुढे बहुतेक वेळा तेवढेच पासबुक ठेवले जाते. पोटगीचा ठराविक दर कायद्यात नाही. तरी २०१७ च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य धरली आणि तेव्हापासून तोच आकडा जो तो सांगतो. तो वरच्या उदाहरणाला लावला तर २६ हजारांवर साडेसहा हजार होतात, नुसत्या सेवेच्या भागावर ५ हजार. फरक महिन्याला दीड हजाराचा. ज्याला दर महिन्याला औषध लागते, आंघोळीला माणूस लागतो, त्याला हा फरक लहान नाही. आणि जी बाई दोन लेकरं घेऊन भावाच्या घरी राहते, तिलाही नाही.

यावर ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल कामाचा आहे. प्रकरण आपल्याच राज्यातले, नागपूरकडचे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले की दोघांनीही मिळकत, कर्ज आणि खर्चाचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. पोटगी ठरवताना जोडीदाराचे किंवा मुलाचे गंभीर अपंगत्व, आजारपण आणि त्यावर सतत होणारा खर्चही बघायचा. म्हणजे अपंग जवानाला आपली बाजू मांडायला जागा आहे. मात्र नुसते ‘मी अपंग आहे’ म्हणून भागत नाही. पीपीओवरची दोन भागांची फोड, मेडिकल बोर्डाचा कागद आणि औषधांची बिले जोडावी लागतात. ती न जोडता ‘माझी पेन्शन धरू नका’ एवढेच सांगत राहिले तर कोर्ट पासबुक बघणार.

पेन्शनला कोर्ट हात लावू शकत नाही, ही समजूत १८७१ च्या पेन्शन कायद्यावरून आली. त्याच्या कलम ११ प्रमाणे सावकाराला किंवा कुठल्याही धनकोला पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. पण बायको धनको नाही. पोटगी थकली तर पेन्शनवर जप्ती आणता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केले आहे. जवान नोकरीत असेपर्यंत वाट वेगळी असते. आर्मी ॲक्टप्रमाणे दिवाणी कोर्टाला त्याच्या पगारावर जप्ती आणता येत नाही, पण बायकोने लष्कराकडे अर्ज केला तर लष्करच पगारातून ३३ टक्क्यांपर्यंत पोटगी कापून देऊ शकते. जवान घरी आला की ही वाट बंद. मग तालुक्याचे कोर्ट आणि तारखा.

आता बायकोकडच्या समजुतीचे. आपल्या कायद्यात पेन्शन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही, त्यामुळे तिचा हिस्सा पडत नाही. मोबाइलवर अमेरिकेचे व्हिडिओ फिरतात, त्यावरून हा घोळ वाढतो. तिकडे १९८२ च्या कायद्याने राज्यांच्या कोर्टांना फौजीची निवृत्तीची पेन्शन घटस्फोटात वाटून देता येते. अपंगत्वाचा भत्ता मात्र त्या वाटणीतून बाहेर ठेवला आहे. आपल्याकडे वाटणीच नाही, फक्त पोटगी. आणि ती पोटगी त्याच्या पेन्शनमधून येत असेल, तर तो गेल्या दिवशी तो झरा आटतो.

फटका बसतो तो इथे, आणि बैठकीत यावर कुणी बोलत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की बाई त्याची विधवा ठरू शकत नाही. कुटुंब पेन्शन गेली, ईसीएचएसचे कार्ड गेले. माहेरी राहते पण फारकत झालेली नाही, अशी बायको मात्र कायद्याने बायकोच असते आणि तिचा हक्क शाबूत राहतो. वरच्याच उदाहरणात साधी कुटुंब पेन्शन पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२ हजार आणि महागाई सवलत. त्याच मान्य झालेल्या अपंगत्वामुळे मृत्यू झाला तर ६० टक्के. तडजोडीत एकरकमी पाच लाख घेऊन सही केली, तर तेवढी रक्कम १२ हजारांच्या हिशेबाने साडेतीन वर्षांचीच होते. अर्थात नवरा आणखी तीस वर्षे जगला तर हिशेब उलटा. आणि जिथे मारहाण आहे तिथे हा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही. पण सही करायच्या आधी तो बाईला कुणीतरी सांगायला पाहिजे.

फारकत घ्यायचीच असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये एक सोय आहे. कायमच्या पोटगीसाठी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवता येतो. म्हणजे सातबारावर. दोन एकर का असेना, पण जमीन पेन्शनसारखी माणसाबरोबर जात नाही. नवऱ्याकडचे याला पटकन तयार होत नाहीत, हे उघड आहे.

लेकरांचे वेगळे. आई-बापाच्या घटस्फोटाने त्यांचा कुटुंब पेन्शनचा हक्क जात नाही. साधारण २५ वर्षांपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत तो राहतो, अपंग मूल असेल तर अटींवर जन्मभर. ‘यापुढे लेकरांसाठी काही मागणार नाही’ असे आईने लिहून दिले तरी लेकरांचा पोटगीचा हक्क तिला सोडता येत नाही. फक्त त्यांची नावे लष्कराच्या रेकॉर्डला असायला हवीत, आणि घोडे बहुतेक वेळा तिथेच अडते.

नवऱ्यालाही खड्डे आहेत. एकरकमी द्यायला बरेच जण पेन्शन विकतात. निम्म्यापर्यंत विकता येते, पण तेवढी रक्कम १५ वर्षे दर महिन्याला कापली जाते. दुसरे, अपंगत्वाच्या भागासाठी अनेकांचे दावे मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात चालतात. १० डिसेंबर २०१४ च्या रामअवतार निकालानंतर, सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही अपंगत्वाची टक्केवारी वाढवून धरण्याचा, म्हणजे ५० च्या आतले ५० धरण्याचा, लाभ मिळू लागला. समजा तडजोड आज झाली आणि दोन वर्षांनी थकबाकीचे काही लाख आले. कागदात त्यावर एक ओळ नसेल तर परिस्थिती बदलली म्हणून पोटगी वाढवून मागता येते. मिटलेले भांडण परत उभे राहते.

बाँडवरची सोडचिठ्ठी तर रेकॉर्ड ऑफिस मानत नाही. हिंदू विवाहात कोर्टाचा हुकूमनामा लागतो. रूढीने झालेली फारकत सांगायची तर ती रूढी सिद्ध करावी लागते. बाँडवर विसंबून दुसरे लग्न केले की पीपीओवर नाव पहिलीचेच राहते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडून गेलेल्या एका माजी सैनिकाच्या प्रकरणात हेच घडले. दुसरा संसार १९८१ पासूनचा, पहिलीशी घटस्फोट १९९० मध्ये, नवऱ्याचा मृत्यू २००१ मध्ये. दुसरीला कुटुंब पेन्शन मिळावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. मधली बावीस वर्षे तिने कागद धरून काढली.

तुळजापूरच्या कोर्टात किंवा लोकअदालतीत पोटगीची तडजोड होते. घटस्फोट मात्र लोकअदालत देत नाही, त्यासाठी कोर्टच. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधीच वकिलाला दाखवायचे. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला आणि दिव्यांग व्यक्तीला, दोघांनाही, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना पीपीओ, डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा कागद आणि लेकरांचे जन्मदाखले न्यावेत. हुकूमनामा हातात पडला की त्याची नक्कल धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवायची आणि स्पर्शवर कुटुंबाचा तपशील बदलला का, ते स्वतः उघडून बघायचे.