साल्झबुर्गला तीन रात्री, नांदेडला एक दुपार

आपल्या मंडळातल्या बहुतेक कुटुंबांनी साल्झबुर्ग पाहिलं आहे, आणि ते पाहायची रीतही साधारण सगळ्यांची सारखीच. पहिल्या दिवशी जुनं गाव पायी फिरायचं आणि १०७७ साली बांधायला घेतलेला होएनसाल्झबुर्गचा किल्ला चढायचा. दुसऱ्या दिवशी २५ नंबरची बस धरून उंटर्सबर्गचा पायथा गाठायचा, रोपवेने १,७७६ मीटरवर जायचं. तिसरा दिवस मिठाच्या खाणीसाठी. डोंगरातल्या मिठाच्या पैशावर तिथले आर्चबिशप गबर झाले, हे खाण पाहिल्यावर उमगतं, आणि गावातल्या त्या देखण्या इमारती कुठून आल्या तेही. गाव आणि डोंगर एकमेकांचा अर्थ लावतात, म्हणून तीन रात्री सार्थकी लागतात.

हीच माणसं सुट्टीत भारतात जातात तेव्हा नांदेडला एक दुपार देतात. गुरुद्वारात माथा टेकला, लंगरमध्ये जेवले, संध्याकाळच्या गाडीने परत. माहूरला गेलेच तर रेणुकामातेच्या पायऱ्या चढून, तांबुलाचा प्रसाद घेऊन, अंधार पडायच्या आत खाली. माझं म्हणणं एवढंच आहे की नांदेड आणि माहूर हाही गाव-डोंगराचाच प्रवास आहे, आणि त्यालाही मुक्काम लागतो.

आधी गाव घ्या. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथे आले, इथेच त्यांनी गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं आणि इथेच देह ठेवला. आज दिसतं ते सचखंड गुरुद्वाऱ्याचं मंदिर महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलं, म्हणजे लाहोरच्या दरबारातून गोदावरीकाठी काम झालं. पहाटे गोदावरीची घागर भरून आणतात, संध्याकाळी गुरूंची शस्त्रं दाखवतात. एका दुपारी येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. बंदाघाटावर माधोदास बैराग्याचा बंदा बहादूर झाला, तो घाटही इथेच. नगिनाघाट, हिराघाट, शिकारघाट, माळटेकडी अशी ठिकाणं एका ओळीने पाहिली की पंजाबच्या इतिहासाचं एक मोठं वळण मराठी मुलखात कसं पडलं ते कळतं. नदीकाठचा नंदगिरी किल्ला आणि जुन्या गावातल्या होळी, चौफाळा भागातल्या गल्ल्या यांना वेगळी सकाळ द्यावी.

मग डोंगर. नांदेडहून किनवटमार्गे माहूर गाठायचं. वाटेत इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून सहस्रकुंडात कोसळते. पुढे सागाचं जंगल सुरू होतं, आणि ज्यांनी मराठवाडा फक्त दुष्काळाच्या बातम्यांत पाहिला त्यांना हा तोच मराठवाडा आहे यावर विश्वास बसत नाही. माहूरला रेणुका, दत्त आणि अनसूया वेगवेगळ्या शिखरांवर आहेत. शिवाय पांडवलेणी आणि रामगड. रामगडाच्या तटावरून दऱ्या पाहताना रायबागन आठवावी. ही माहूरची देशमुखीण मोगलांच्या बाजूने १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर होती, आणि तिथे शिवाजी महाराजांनी त्यांची कोंडी केली. शाळेच्या पुस्तकात उंबरखिंड येते. तिथे अडकलेली ही बाई कुठल्या मुलखातून आली हे सहसा सांगितलं जात नाही, आणि ते माहूरला उभं राहूनच समजतं. हे सगळं धावतपळत होत नाही. शिखरांसाठी एक दिवस आणि गड-लेण्यांसाठी दुसरा, एवढा वेळ हवाच.

कंधारसाठी आणखी एक दिवस काढा. राष्ट्रकूटांच्या काळातलं हे गाव, खंदकाचा भुईकोट, जवळच जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव, आणि क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे उरलेले अवशेष. देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आता डागडुजीनंतर पुन्हा उभी आहेत. ज्यांची माणसं लातूरला आहेत त्यांनी खरोशाची लेणी आणि उदगीरचा किल्ला चुकवू नये. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरला हरवलं आणि पुढच्याच वर्षी पानिपत झालं. निलंग्याला गेलात तर नीलकंठेश्वराचं मंदिर पाहा आणि निलंगा राईस खाऊन या.

हरकती मला ठाऊक आहेत. सोयी नाहीत, ही पहिली. राहायची सोय आहे: नांदेडच्या यात्रीनिवासांत हजारो माणसं उतरतात, माहूरलाही भक्तनिवास आहे. कमी आहे ती माहिती देणाऱ्या माणसांची, धड फलकांची, आणि एका शिखरावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या नियमित बसची. साल्झबुर्गच्या कार्डात उंटर्सबर्गचा रोपवे मोडतो, कारण माणसं तिथे मुक्कामाला येतात. दुपारी येऊन संध्याकाळी निघून जाणाऱ्यांसाठी कुणी वेळापत्रक आखत नाही. दुसरी हरकत उन्हाची. ती एप्रिल-मेसाठी खरी आहे. पण आपल्या मुलांच्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते, आणि सहस्रकुंड व माहूरचे डोंगर तेव्हाच भरात असतात. तिसरी हरकत मला सगळ्यात जास्त खटकते: ही देवस्थानं आहेत, पर्यटनस्थळं नव्हेत. साल्झबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये आजही प्रार्थना होते, आपण टोपी काढून आत जातो आणि चित्रंही पाहतो. श्रद्धा आणि कुतूहल एकाच माणसात सुखाने राहतात. सचखंडात डोकं झाकून, माहूरला चपला काढून जाणारा माणूस तिथला इतिहासही विचारू शकतो, आणि विचारायलाच हवा.

हे मी पोटतिडकीने लिहितो, कारण माझ्या पिढीने मराठवाडा सोडला तो किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप आणि पाण्यासाठीची वणवण सोबत घेऊन. मुलांना आम्ही तेवढंच सांगितलं. २०१६ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती बातमी त्यांनी इथे वाचली. त्यांच्या मनात आमचा मुलूख म्हणजे तहान आणि ढिगारे. ते खोटं नाही, पण जोडीला होट्टलच्या सुरसुंदरी आणि माहूरचा साग त्यांच्या मनात असायला हवा, आणि तो सांगून येत नाही, दाखवावा लागतो.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी रीतसर सूचना आहे. येत्या जुलैत भारतात जाणाऱ्या सभासदांपैकी ज्यांना जमेल त्यांची एकत्र सहल आखावी: नांदेडला दोन रात्री, माहूरला दोन, कंधार-होट्टलसाठी एक. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला मानधन देऊन सोबत घ्यावं, मुलांसाठी माहिती जर्मन आणि मराठी दोन्हीत छापावी, आणि परत आल्यावर काय नीट होतं, काय नव्हतं, ते पर्यटन विभागाला लेखी कळवावं. आखणीचं काम मी अंगावर घ्यायला तयार आहे. नावं या महिनाअखेरपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत.