मुंबईस निघण्यापूर्वीं

शब्दांच्या व्युत्पत्तींवर आणि मुलांच्या पाठांतरावर दरमहा लिहिणाऱ्या मास्तरानें एकाएकीं स्वतःच्या दुखण्यावर लिहावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु येत्या महिन्यांत हृदयाची झडप बदलून घेण्यासाठीं मला मुंबईस जावयाचें आहे. आणि घर सोडून परगांवीं अशी शस्त्रक्रिया करून घेण्याचा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. आमच्या घरानें जी तयारी केली, तींत चुकाही झाल्या. त्या इतरांस उपयोगीं पडाव्या, एवढ्याच हेतूनें हा लेख.

दुखणें असें. हृदयांतून रक्त सर्व शरीराकडे जेथून बाहेर पडतें, त्या महारोहिणीच्या दारावर तीन पाकळ्यांची झडप असते. माझ्या झडपेस जन्मापासून दोनच पाकळ्या आहेत. शंभरांत एखाददुसऱ्या माणसाचें असें असतें. त्रेसष्ट वर्षें तिनें इमानानें चाकरी केली. आतां तिच्यावर चुना सांठून ती ताठर झाली आहे. शाळेचा चढ चढतांना दम लागे, तो मी वयाच्या खात्यावर टाकीत गेलों. एके दिवशीं देवळाच्या पायऱ्यांवर घेरी आली, तेव्हां कोठें तपासणी झाली. चढतांना दम, छातींत दडपण किंवा घेरी ह्यांपैकीं कांहींही झाल्यास ‘वय झालें’ म्हणून स्वस्थ बसूं नये, हा पहिला धडा. अशा ताठरलेल्या झडपेस मोकळी करणारें औषध नाहीं. ती बदलणें हाच उपाय. मांडींतील रोहिणींतून नळी घालून, छाती न उघडतां झडप बसविण्याची रीतही आतां रूढ झाली आहे. पण माझें वय व झडपेची घडण पाहून छाती उघडणेंच बरें, असें डॉक्टरांनीं सांगितलें.

घरांत खरा प्रश्न उभा राहिला तो ह्यापुढें. नव्या झडपा दोन जातींच्या. एक धातूची. ती पुष्कळदां जन्मभर पुरते. पण तिच्यावर रक्त गोठूं नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आमरण घ्यावी लागते, आणि गोळीचें प्रमाण बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं वारंवार रक्त तपासावें लागतें. दुसरी प्राणिज, म्हणजे गाईबैलांच्या हृदयावरील आवरणाची किंवा डुकराच्या झडपेची. तिच्यासाठीं ती गोळी बहुधा थोडे महिनेच लागते. पण दहा-पंधरा वर्षांत ती झिजण्याचा संभव असतो. तरुणांस सामान्यतः धातूची आणि पासष्टीपुढें प्राणिज, असा कल आहे. मी मधल्या वयाचा, म्हणून डॉक्टर म्हणाले, “तुम्हीच ठरवा, गुरुजी.”

हें मीं रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर सर्वांस सांगितलें. ‘गाय’ हा शब्द निघतांच वहिनींनीं कानांवर हात ठेवले. धाकटा भाऊ प्रायश्चित्ताची चौकशी करूं लागला. पुतण्या म्हणाला, “काका, जिवाशीं गांठ असतां हें काय घेऊन बसलां आहांत?” मीं माझ्यापरीनें शास्त्र काढलें : चरकसंहितेंत प्राणिज द्रव्यें औषध म्हणून सांगितलेलीं आहेत, आणि आपद्धर्म तर सर्वांसच मान्य आहे. वाद दोन रात्री चालला. आईस शहाऐंशीवें वर्ष चालू आहे. ती नुसती ऐकत बसे. तिसऱ्या रात्रीं ती म्हणाली, “धर्माचें तुम्ही पाहा. पुन्हां छाती कशानें कापावी लागेल, तेवढें मला सांग.”

ज्या गोष्टीवर आम्ही भांडत होतों तिच्यावर निर्णय अवलंबूनच नव्हता, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. विचारावयाचें होतें तें असें : पंचाहत्तरीच्या सुमारास पुन्हां ह्याच कामासाठीं मुंबई गांठण्याची ताकद मला राहील काय? आणि उलट पक्षीं, रक्ततपासणीसाठीं मला तालुक्यास जन्मभर कोण नेईल? दुसऱ्या प्रश्नास पुतण्यानें “मी” म्हटलें. तें मीं त्याच्या बायकोसमक्ष पुन्हां म्हणवून घेतलें. कारण तो नसेल त्या दिवशीं स्कूटर तीच चालविणार. मग मीं धातूची झडप पत्करली. हेंच उत्तर सर्व घरांस लागू पडेल असें नाहीं. जेथें तपासणीस नेण्यास माणूस नाहीं, किंवा रक्तस्रावाचें भय आहे, तेथें प्राणिज झडपच शहाणपणाची ठरेल.

एकदां ठरल्यावर मास्तराच्या सवयीनें थोडें वाचन केलें. १९६० सालीं अमेरिकेंत आल्बर्ट स्टार ह्या शल्यविशारदानें, लोवेल एडवर्ड्स ह्या निवृत्त अभियंत्याच्या साहाय्यानें, पिंजऱ्यांत गोळी खेळणारी झडप माणसाच्या हृदयांत बसविली. आपल्या देशांत तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेंत डॉक्टर वलियाथन ह्यांच्या नेतृत्वाखालीं स्वदेशी झडप सिद्ध झाली. तिचे पहिले तीन नमुने फसले. चौथा उतरला, आणि डिसेंबर १९९० मध्यें तो प्रथम रोग्यास बसविला गेला. हेच वलियाथन पुढें चरक, सुश्रुत आणि वाग्भट ह्यांच्या अभ्यासाकडे वळले व प्रत्येकावर त्यांनीं ग्रंथ लिहिला. माझ्या छातींत कोणती झडप बसेल, तें शस्त्रवैद्य ठरवितील; पण तीनदां नापास होऊन चौथ्यांदा उत्तीर्ण झालेल्या त्या झडपेविषयीं मला विशेष ममत्व वाटतें.

आतां चुका. पहिली दांतांची. हिरड्यांतील जंतु रक्तावाटे नव्या झडपेवर जाऊन बसले, तर प्राणावर बेततें. म्हणून दांत आधीं तपासावे लागतात. आम्हीं तें काम अगदीं शेवटावर ठेविलें. एक दाढ किडलेली निघाली, आणि ती काढून जखम भरेपर्यंत ठरलेली तारीख पुढें गेली. दुसरी चूक कागदांची. शासनाच्या आरोग्य योजनेसाठीं शिधापत्रिका व आधारकार्ड काढलें, तों माझ्या आडनांवांतील वेलांटी एकावर ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ! पस्तीस वर्षें दुसऱ्यांचें शुद्धलेखन तपासणाऱ्याच्या घरांत ही चूक सुखानें नांदत होती. ती सुधारण्यास तीन खेपा पडल्या.

बरोबर कोणीं जावें, ह्यावर सगळेंच घर उठलें. परंतु रुग्णालयांत रोग्यापाशीं एकासच राहूं देतात, आणि अतिदक्षता विभागांत तर तेंही नाहीं. म्हणून पुतण्या व सून दोघेंच येणार. डॉक्टरांशीं बोलेल तो पुतण्या, आणि रोज रात्रीं घरीं फोन करील तोही तोच. चार तोंडांनीं आलेली बातमी चार प्रकारची होते. घरीं सोडलें म्हणजे त्याच दिवशीं आगगाडींत बसावयाचें नाहीं. फेरतपासणी होऊन गोळीचें प्रमाण बसेपर्यंत रुग्णालयाजवळच खोली घेऊन राहावयाचें. छातीचें मधलें हाड कापून तारांनीं बांधतात. तें नीट जुळेपर्यंत दोन-तीन महिने कळशी उचलणें नाहीं कीं वळकटी उचलणें नाहीं.

स्वयंपाकघराची व्यवस्था वहिनींकडे. हिरव्या पाल्यांतील ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतें, असें ऐकून त्यांनीं पालेभाज्या बंदच करण्याचा बेत केला होता. डॉक्टर म्हणाले, बंद नको, प्रमाण सारखें ठेवा. म्हणजे एके दिवशीं वाडगाभर अळूचें फतफतें आणि मग पंधरा दिवस पालाच नाहीं, असें चालणार नाहीं. काढे, चूर्णें व अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याखेरीज घ्यावयाच्या नाहींत. शस्त्रक्रियेच्या वेळीं जानवें उतरवावें लागेल. नवें सुनेच्या पिशवींत ठेविलें आहे.

राहिली एक गोष्ट. शस्त्रक्रियेंत माझें हृदय कांहीं काळ थांबविलें जाईल आणि त्याचें काम यंत्र करील. तें पुन्हां चालूं लागतें, असा जगाचा अनुभव आहे. तरी भय वाटतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मीं मृत्युपत्र लिहिलें, किल्ल्या व बँकेचे कागद कोठें आहेत तें वहींत टिपलें, आणि सर्वांसमक्ष वाचून दाखविलें. वहिनी अशुभ म्हणून उठून गेल्या. आई मात्र शेवटपर्यंत बसली, आणि वही मिटल्यावर म्हणाली, “विहिरीच्या पंपाची दुरुस्ती राहिली आहे, तीही लिही.” मीं लिहिली. त्या रात्रीं पुष्कळ दिवसांनीं मला गाढ झोंप लागली.

पुढील महिन्यांत हें सदर येणार नाहीं. त्यानंतर येईल तें मीं सांगितलेलें व सुनेनें लिहून घेतलेलें असेल. त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आढळल्यास त्या माझ्या समजाव्या.