पत्ते टाकायला शिका

गेल्या रविवारी सकाळी आमच्या युनिटमधल्या वडाखाली एक भांडण सोडवावे लागले. सामाजिक काम करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा पाण्याची, गटाराची नाहीतर रेशनकार्डाची भांडणे येतात. हे भांडण पत्त्यांचे होते, आणि पत्तेही हातातले नव्हेत, मोबाईलमधले.

दोन्ही पोरे आरेतच लहानाची मोठी झालेली, एका बाकावर बसून शिकलेली. एक सिक्युरिटीच्या नोकरीत, दुसरा घरोघरी सामान पोहोचवणारा. दोघे मोबाईलवर रमी खेळतात, पैसे न लावता. शनिवारी रात्री सिक्युरिटीवाला नाक्यावर बसची वाट पाहत खेळत होता. त्याला जिंकायला एकच पान हवे होते. समोरच्याचा डाव बसलेला. त्याने काय केले? प्रत्येक पानाला घड्याळ अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत नेले. एवढ्यात बस आली. हा धावत चढला, तिकीट काढेपर्यंत याच्या पाळ्या हुकल्या आणि यंत्राने याचे पत्ते परस्पर टाकून दिले. जिंकत आलेला डाव गेला, वर 40 गुण अंगावर.

“काका, हा रडीचा डाव आहे,” एक म्हणाला.

“काका, तुम्हीच सांगा, घड्याळ मी बनवलं का? दिलेल्या वेळातच खेळलो. कुठला नियम मोडला?” दुसरा म्हणाला.

वाचकहो, प्रश्न वरवर पोरकट आहे, पण मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही.

शेजारी एक निवृत्त तबेला कामगार बसले होते. त्यांची उमर दोन धारांच्या मधल्या वेळेत मेंढीकोट खेळण्यात गेली. ते म्हणाले, “आमच्यात कुणी पान धरून बसला की चौघं ओरडायचे, पान टाकतोस का अंडं घालतोस?” सगळे हसले. पण म्हातारबाबा मोठी गोष्ट बोलून गेले. सतरंजीवर घड्याळ नव्हते, तरी डाव अडत नसे. समोर माणसाचे तोंड होते, त्याची लाज वाटत होती. मोबाईलमध्ये तोंड दिसत नाही. मग लाजही राहत नाही, उरतो तो नुसता नियम.

हा वाद आपल्याच वडाखाली आहे असे समजू नका. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हार्थस्टोन नावाचा संगणकावरचा पत्त्यांचा खेळ प्रदर्शनीय म्हणून ठेवला होता. त्यात कच्छमधल्या भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने भारतासाठी कांस्यपदक मिळवले. या खेळात वेळ संपत आली की पटावर एक दोरी जळताना दिसते. करण्यासारखे काही नसताना मुद्दाम दोरी जाळत बसणाऱ्याला जगभरचे खेळाडू नावे ठेवतात. अनोळखी प्रतिस्पर्ध्याला मनाला येईल ते लिहिताही येत नाही, ठराविक मोजके शब्दच पाठवता येतात. तरी माणूस कुरापत काढतोच! डाव संपायच्या आधीच “छान खेळलात” पाठवले की ते कौतुक न राहता टोमणा होतो. म्हणून समोरच्याचा आवाज बंद करण्याची सोय तिथे ठेवली आहे.

त्याच स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या वयाने मोठ्या भारतीय जोडीने ब्रिजमध्ये सुवर्णपदक जिंकले. ब्रिजच्या नियमावलीत तर स्पष्टच आहे, की समोरच्याला फसवण्यासाठी मुद्दाम थांबायचे नाही आणि मुद्दाम घाईही करायची नाही. विचारासाठी थांबणे चालते, सोंग चालत नाही.

आता आपल्या पोराकडे येऊ. मी त्याला विचारले, “बाळा, तुला पाने कशी आली होती?” तो म्हणाला, “काका, एकदम भंगार. एकही प्युअर सिक्वेन्स नाही, जोकर नाही, राजा-राणीच सगळे.” मी म्हटले, “मग पहिल्याच पाळीला डाव टाकला का नाहीस?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “टाकायला कसंतरी वाटतं. पळपुटा म्हणतात.”

इथेच सगळी गोम आहे. हिशेब मांडून बघा. मोबाईलवरच्या 13 पानांच्या रमीत गुणांच्या डावात साधारण चाल अशी, की पहिले पान उचलण्याआधी डाव टाकला तर 20 गुण बसतात. मध्येच टाकला तर 40. शेवटपर्यंत धरून हरला तर 80 पर्यंत. जोकरशिवायची, एकाच रंगाची ओळीने लागलेली निदान तीन पाने, म्हणजे प्युअर सिक्वेन्स जमला नाही, तर हातातले प्रत्येक पान मोजले जाते. एक्का, राजा, राणी, गुलाम प्रत्येकी 10. म्हणजे एक पडका डाव हट्टाने धरला, तर तेवढ्यात चार पडके डाव सुरुवातीलाच सोडता आले असते. सोडणारा पळपुटा नव्हे, तो हिशेबी.

याउलट आशा कशी मोजायची तेही सांगतो. दोन कॅट घेऊन खेळतात, म्हणून प्रत्येक पान दोनदा असते. हातात बदामची पंजी-छक्की असेल तर चौकी किंवा सत्ती, कुठलीही चालते. म्हणजे चार पाने कामाची. पंजी-सत्ती धरून छक्कीची वाट बघाल तर दोनच पाने कामाची. त्यातली एखादी समोरच्याने उचललेली दिसली की आशा निम्मी झाली. म्हणून प्युअर सिक्वेन्स आधी लावा, न जुळणारी चित्रे लवकर सोडा, आणि समोरचा काय उचलतो त्यावर नजर ठेवा. याला म्हणतात डावपेच. यात फसवणूक नाही. आपले पान लपवणे, समोरच्याला अंदाज येऊ न देणे हा खेळाचा भागच आहे.

फसवणूक कुठे सुरू होते? दोघे मित्र एकाच टेबलावर बसून फोनवर एकमेकांना पाने सांगतात, तिथे. मेंढीकोटात भिडूला डोळा मारला तर डाव मोडून पुन्हा पिसत असत. मोबाईलवर तिसऱ्याला ते कळत नाही, पण न कळल्याने चोरी ही चोरी राहत नाही थोडीच!

आणि एक बाजू समोरच्याचीही. उशीर करणारा प्रत्येक जण रडीचा नसतो. आपल्या आरेत झाडीमध्ये रेंज जाते. कुणाचा फोन जुना, कुणी नवशिका, कुणाची आई हाक मारते. एकदा उशीर झाला की शिवी हासडायची नाही. आणि कामावर, गाडी चालवताना, जेवताना खेळायचे नाही. आपण मध्येच उठलो तर ताटकळतो तो दुसरा.

आता जरा गंभीर बोलतो. ज्याला पत्ते टाकता येत नाहीत तो मैत्रीत घड्याळ अडवतो, पण पैसा लागला की तोच माणूस घर बुडवतो. आमच्या भागातल्या एका कष्टकरी माणसाने काही वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या रमीत मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी जमवलेली भिशी घातली. मी समजवायला गेलो तर म्हणाला, “दादा, आता सोडलं तर गेलेलं परत कसं येणार?” भंगार पाने धरून बसणाऱ्याचेच हे शब्द. फरक एवढाच, की इथे 80 वर थांबत नाही.

रमी हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली म्हटले, हे कंपन्या सारखे सांगत. पण पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असेही त्याच निकालात आहे. ते कोणी जाहिरातीत सांगितले नाही! शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली, आणि मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात असे डाव थांबवले. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आहे. बिनपैशाचे खेळ आणि ई-स्पर्धा यांना कायद्याने वेगळे ठेवले आहे. तेव्हा आपल्या मुलांनी पत्ते खेळूच नयेत असे मी म्हणणार नाही. आकडेमोड, स्मरण, सबुरी त्यातून येते. पण कोणी आडमार्गाने पैशाचा डाव दाखवला, तर ते पान पहिल्याच पाळीला टाकायचे.

वडाखालचा निकाल मी असा दिला: “नियम तू मोडला नाहीस. पण विचार संपल्यावरही घड्याळ धरून बसलास, ती रडी. हा समोर बसला असता तर असं केलं असतंस का?” तो मान खाली घालून म्हणाला, “नाही काका. हा माझ्या डोक्यात टपली मारला असता.”

म्हातारबाबांनी पिशवीतून तेल लागलेला जुना कॅट काढला आणि म्हणाले, “बसा. मेंढीकोट. तुम्ही दोघं भिडू.” चौथा म्हणून मला बसवले. आम्ही, म्हणजे मी आणि म्हातारबाबा, सपशेल हरलो. पण पोरे एकमेकांशी बोलू लागली.